वांग, लेझर आणि सावळी त्वचा : मुठेच्या दोन काठांवरचा इतिहास

१/
बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या एका अभियंत्याने १९६४ साली जगाला एक नवा किरण दिला. पुढे तो किरण चेहऱ्यावरचे डाग घालवण्यासाठी वापरला जाऊ लागला. मात्र ज्या प्रदेशात तो अभियंता वाढला, त्या प्रदेशातील सावळ्या त्वचेला हाच किरण अधिक धोक्याचा ठरला. असे का झाले? वांग, लेझर आणि उपचारानंतर त्वचा सावरण्याचा काळ, यांचा हा इतिहास. #थ्रेड

२/
कथेचे ठिकाण शनिवार पेठ. जुने नाव मुर्तुजाबाद. मुठेच्या काठी ओंकारेश्वर, पेठेच्या टोकाला १७३२ साली वास्तुशांत झालेला शनिवारवाडा. वाड्यापासून १९२३ साली बांधलेला नवा पूल, म्हणजे आजचा छत्रपती शिवाजी पूल, ओलांडला की शिवाजीनगर लागते आणि तेथून संगमाच्या दिशेने काही अंतरावर १८५४ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय. एका काठावर पेशव्यांचा दरबार, दुसऱ्या काठावर किरणाच्या जनकाची शाळा. चेहऱ्याच्या त्वचेचा इतिहास या दोन्ही काठांना स्पर्श करून जातो.

३/
आरंभ शब्दापासून. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना सारखे पसरणारे तपकिरी डाग म्हणजे वांग. हा शब्द संस्कृत ‘व्यंग’ यावरून आला. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या अध्यायात व्यंगाचे वर्णन येते. क्रोध आणि श्रम यांमुळे प्रकुपित झालेला वायू पित्तासह मुखाकडे येतो आणि तेथे वेदना नसलेले, पातळ, काळसर मंडल उमटवतो, असा त्याचा आशय. ‘वेदनारहित’ आणि ‘पातळ’ ही दोन विशेषणे आजच्या त्वचारोगतज्ज्ञालाही मान्य होतील, इतकी ती नेमकी आहेत.

४/
उपचारही सांगितले आहेत : कपाळावरील शिरेचा वेध, डाग घासणे आणि त्यावर क्षीरी वृक्षांच्या, म्हणजे वड-पिंपळासारख्या चिकाच्या झाडांच्या, सालींचा लेप. अष्टांगहृदयात याच वर्गातील रोगांसाठी केशराचे कुंकुमादी तेल येते. घासून वरचा थर काढणे आणि नंतर लेपाने त्वचेला शांत करणे, अशी ही जोडी आहे. आधी इजा, मग काळजी. पुढील दीड-दोन हजार वर्षांत इजा करण्याची साधने बदलली. ही जोडी मात्र मोडली नाही.

५/
घराघरांत याचेच सौम्य रूप टिकले. दुधात उगाळलेले जायफळ, मसुराचे पीठ, आंबेहळद, रक्तचंदन. गर्भारपणात चेहऱ्यावर उमटणारे डाग बाळंतपणानंतर बहुधा फिके होतात, हे जुन्या सुइणींना अनुभवाने ठाऊक होते. त्यामुळे वांगाकडे पाहण्याची एक स्वस्थ वृत्ती होती : लेप लावावा, ऊन टाळावे, वाट पाहावी. ही वृत्ती अडाणी नव्हती, हे विज्ञानाला विसाव्या शतकाच्या शेवटी मोठी किंमत मोजून कळले.

६/
आता शनिवारवाड्याकडे. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७९० च्या दशकात, इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पुणे दरबारात होता. त्याच्यासमवेत जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार होता. वाड्यात भरलेल्या चित्रशाळेत गंगाराम तांबट यांच्यासारखे स्थानिक कलावंत त्याच्या हाताखाली तयार झाले. वेल्सने पेशवे आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढली, हे प्रसिद्ध आहे. त्याने काढलेले आणखी एक चित्र वैद्यकाच्या इतिहासात याहून दूर पोहोचले.

७/
ते चित्र कावसजी नावाच्या मराठा शेतकऱ्याचे होते. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात तो इंग्रजी फौजेकडे बैल हाकण्याच्या कामावर होता. टिपूच्या हाती सापडला तेव्हा त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. नंतर पुण्याजवळील, विटा घडवणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये हा वृत्तांत चित्रासह छापला.

८/
पद्धत अशी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घ्यायचे. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ ओढायची. त्या आकाराची त्वचा सोडवायची, परंतु दोन भुवयांमध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवायची, कारण तिच्यातूनच नव्या नाकाला रक्त मिळणार. मग ती त्वचा वळवून नाकाच्या जागी बसवायची.

९/
वृत्तांताचा बराच भाग शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीला दिलेला आहे. जोडावर पाण्यात भिजवलेल्या काथाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या आणि चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. मग तुपात भिजवलेली फडकी. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. भुवयांमधली पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापायची, त्याआधी नाही. कपाळावरचा व्रण काळानुरूप फारसा दिसत नाही, अशीही नोंद आहे.

१०/
हा वृत्तांत वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपातील आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा हा आरंभ मानला जातो. त्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. परंतु पट्टी कधी कापायची, फडके कधी बदलायचे आणि हात कधी लावायचा नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. चेहऱ्याच्या त्वचेवर काम करणाऱ्याचे निम्मे कौशल्य या वेळापत्रकात असते. वांगावरील लेझरच्या इतिहासात हेच सूत्र पुढे पुन्हा शिकावे लागले.

११/
विसावे शतक. वांगावरील पहिले प्रभावी आधुनिक औषध एका कारखान्यातून आले. १९३९ साली अमेरिकेतील कातडी कमावण्याच्या कारखान्यात कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे आढळले. कारण होते त्यांचे रबरी हातमोजे. मोज्यांतील हायड्रोक्विनोन वर्गाचे एक रसायन त्वचेचा रंग नष्ट करत होते. त्याच कुळातील सौम्य हायड्रोक्विनोन १९६० च्या दशकात डागांवरील मलम म्हणून वापरात आले. औषधाचा जन्मच एका अपघाती इजेतून झाला होता.

१२/
१९७५ साली अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी विलिस यांनी तीन घटकांचे मिश्रण प्रसिद्ध केले : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. पहिला रंगनिर्मिती रोखतो, दुसरा त्वचेचे थर लवकर पालटतो, तिसरा दाह आवरतो. मर्यादित काळासाठी आणि देखरेखीखाली वापरले, तर या सूत्रावर आधारलेली मलमे आजही वांगावरील प्रमुख उपचार आहेत. या तिसऱ्या घटकाचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

१३/
योगायोग पाहा. त्याच १९७५ साली भारतात ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. त्याआधी १९१९ पासून मुंबईत तयार होणारे ‘अफगाण स्नो’ घरोघरी पोहोचलेले होते. डाग हा आजार आहे आणि सावळेपणा हा त्वचेचा स्वभाव आहे, हा भेद बाजाराने पुसट केला. २०२० साली त्या क्रीमच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द गेला. मात्र पाच दशकांत रुजलेली समजूत नावाबरोबर गेली नाही. लेझरच्या दालनात येणारे कित्येक जण आजही वांग घालवण्यासाठी येतात की रंग, हे त्यांचे त्यांनाच स्पष्ट नसते.

१४/
आणि तिसरी १९७५ ची घटना. हार्वर्डचे थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी सूर्यप्रकाशाला त्वचा कसा प्रतिसाद देते, यावरून तिची वर्गवारी मांडली. मूळ वर्गवारी चार प्रकारांची आणि गोऱ्या त्वचेपुरती होती. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा व सहावा प्रकार नंतर जोडण्यात आला. बहुसंख्य भारतीय त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारात येते. म्हणजे ज्या तक्त्यावरून पुढे जगभर लेझरची मात्रा ठरणार होती, त्यात शनिवार पेठेतील बहुतेक चेहऱ्यांसाठीची जागा मागाहून झाली.

१५/
आता किरणाकडे. प्रकाशाला चेतवून त्याच जातीचा आणखी प्रकाश मिळवता येईल, हे तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडले. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथे थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कृत्रिम कांडीतून पहिला लेझर किरण काढला. एकाच रंगाचा, एकाच दिशेने जाणारा, सूक्ष्म बिंदूवर एकवटणारा प्रकाश. त्याचा उपयोग काय करायचा, हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

१६/
१९६१. पुण्याच्या स्मृतीत हे पानशेतचे वर्ष. १२ जुलैला धरण फुटले आणि शनिवार पेठेसह नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, वाडे कोसळले. त्याच वर्षी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे लिऑन गोल्डमन या त्वचारोगतज्ज्ञाने लेझरच्या वैद्यकीय अभ्यासासाठी प्रयोगशाळा सुरू केली. १९६३ मध्ये त्याने त्वचेवरील परिणाम प्रसिद्ध केले. रंगद्रव्य असलेल्या भागावर किरणाचा आघात अधिक होतो, हे त्याच्या निरीक्षणांतून पुढे आले.

१७/
या निरीक्षणात आशा आणि धोका दोन्ही होते. किरण काळा डाग शोधून काढतो, ही आशा. पण ज्याची सगळी त्वचाच सावळी, त्याच्या बाबतीत किरणाने डाग आणि त्वचा यांत भेद कसा करायचा, हा धोका. पुढील चाळीस वर्षांचे संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरत राहिले.

१८/
याच सुमारास नदीपलीकडच्या महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेत होता. चंद्रकुमार नारणभाई पटेल. जन्म २ जुलै १९३८, बारामती. १९५८ साली पुण्यातून अभियांत्रिकीची पदवी, नंतर स्टॅनफर्ड, १९६१ साली डॉक्टरेट आणि लगेच बेल प्रयोगशाळेत नोकरी. तेथे त्यांनी घन स्फटिकांऐवजी वायूंवर काम सुरू केले आणि १९६४ साली कार्बन डायऑक्साइड लेझर प्रसिद्ध केला. नायट्रोजन मिसळल्यावर त्याची शक्ती कैक पटींनी वाढली. १९९६ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले.

१९/
पटेलांचा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे अवरक्त. या तरंगलांबीचा प्रकाश पाणी झपाट्याने शोषते. त्वचेत पाणीच अधिक असल्याने किरण पडताच वरचा थर वाफ होऊन उडतो आणि खाली थोडी उष्णता उरते. १९७२ साली बॉस्टनमध्ये स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियांसाठी तो वापरला गेल्याचे प्रसिद्ध झाले. रक्तस्राव कमी, छेद नेमका. शल्यविशारदांना जणू प्रकाशाची सुरी मिळाली.

२०/
१९९० च्या दशकात ही सुरी चेहऱ्यावर आली. स्पंदांत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइड लेझरने चेहऱ्याचा संपूर्ण वरचा थर काढायचा आणि खालून नवी त्वचा येऊ द्यायची, अशी ‘रिसर्फेसिंग’ची पद्धत रूढ झाली. सुरकुत्या आणि व्रण यांवर तिने चांगला परिणाम दाखवला. मग वांगावरही तिचा प्रयोग झाला. डाग वरच्या थरात आहे, थरच काढला की डाग जाईल, असा सरळ हिशेब होता.

२१/
हिशेब चुकला. नवी त्वचा यायला एक ते दोन आठवडे लागत. तोवर चेहरा ओला, सुजलेला, संसर्गाला उघडा. लाली तर महिनोन्महिने टिके. गोऱ्या त्वचेवर ही लाली सहसा ओसरे. सावळ्या त्वचेवर मात्र अनेकदा तिच्या जागी काळेपणा येई, कधी मूळ वांगाहून गडद. काहींना त्याउलट, कित्येक महिन्यांनी, पांढुरके चट्टे येत आणि ते कायमचे राहत. पुण्यात शिकलेल्या माणसाचा किरण पुण्याच्या उन्हात वाढलेल्या त्वचेवर सर्वांत जपून वापरण्याची पाळी आली.

२२/
सावळी त्वचा असे का करते? तिच्यात रंगपेशी अधिक असतात, हा समज चुकीचा आहे. पेशींची संख्या सर्व माणसांत जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती रंग बनवतात आणि किती सहज चेततात, यात. त्वचेला भाजले, खरवडले, दाह झाला की या पेशी संरक्षणासाठी आणखी रंग बनवतात. मुरूम फोडल्यावर राहणारा काळा ठिपका हे त्याचे रोजचे उदाहरण. उन्हाच्या प्रदेशात हजारो वर्षे उपयोगी पडलेला हा गुण लेझरखाली अडचणीचा ठरतो, कारण लेझर म्हणजे शेवटी मोजून दिलेला चटका.

२३/
चटका मोजायचा कसा, याचे उत्तर १९८३ साली मिळाले. हार्वर्डचे रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक तत्त्व मांडले. तापलेली प्रत्येक वस्तू ठरावीक काळात थंड होते; वस्तू जितकी लहान, तितकी लवकर. लोखंडी तवा तापला की बराच वेळ ऊन राहतो, मोहरीचा दाणा क्षणात निवतो. त्वचेतील रंगकण इतका सूक्ष्म की तो एका मायक्रोसेकंदाच्या आतच निवतो. किरणाचा स्पंद त्याहूनही छोटा ठेवला, तर कण फुटेल आणि उष्णता शेजारी पसरणार नाही.

२४/
येथून ‘क्यू-स्विच्ड’ लेझरचे पर्व सुरू झाले. त्यांचा स्पंद काही नॅनोसेकंदांचा. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. माणकाचा किरण ६९४ नॅनोमीटरचा, तर ‘एनडी-याग’ स्फटिकाचा १०६४ चा. तरंगलांबी वाढली की किरण अधिक खोल जातो आणि वरच्या थरातील रंगद्रव्य त्याला कमी शोषते. म्हणून सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा किरण तुलनेने सुरक्षित ठरला.

२५/
१९९४ हे वर्ष या इतिहासात दोन तोंडांचे आहे. त्या वर्षी जपानी डॉक्टर वातानाबे आणि ताकाहाशी यांनी ‘ओटाचा नीवस’ या चेहऱ्यावरील निळसर-काळ्या डागाच्या ११४ रुग्णांवर माणिक लेझरचे उत्तम परिणाम प्रसिद्ध केले. त्याच वर्षी स्वतः अँडरसन यांनी सहकारी टेलर यांच्यासह लिहिले की हट्टी वांगावर तोच लेझर निष्फळ ठरला. ज्याने तत्त्व शोधले, त्यानेच त्याची मर्यादाही नोंदवली. यंत्रांच्या जाहिरातींत यांपैकी पहिलीच बातमी ठळकपणे उरली.

२६/
वांग वेगळे का? ओटाच्या नीवसमध्ये रंग एका जागी साठलेला असतो. तो फोडला की शरीर हळूहळू वाहून नेते. वांग हा साठा नाही, ती चालू असलेली क्रिया आहे. सूर्यप्रकाश, संप्रेरके, आनुवंशिकता, त्वचेतील वाढलेल्या रक्तवाहिन्या आणि वरच्या-खालच्या थरांमधील विस्कटलेला पडदा, हे सारे मिळून रंगपेशींना सतत चेतवत असतात. लेझर तयार झालेला रंग काढतो, कारखाना बंद करत नाही. उष्णता जास्त झाली तर कारखाना उलट जोमाने चालतो.

२७/
म्हणून पुढची सगळी प्रगती सौम्यतेच्या दिशेने झाली. २००४ साली अँडरसन आणि डीटर मॅनस्टाइन यांच्या गटाने ‘फ्रॅक्शनल’ पद्धत मांडली : सगळा थर काढण्याऐवजी सूक्ष्म स्तंभांत किरण सोडायचा, मधली त्वचा अखंड ठेवायची, म्हणजे तीच शेजारची जखम भरून काढते. कावसजीच्या भुवयांमधली जोडलेली पट्टी येथे आठवावी. निरोगी भागाच्या आधाराने इजा भरून काढणे, ही त्यामागची समजूत. पूर्व आशियात अतिशय कमी मात्रेचे ‘लेझर टोनिंग’ रूढ झाले. त्यालाही मर्यादा निघाल्या : वारंवार केल्यास पांढरे ठिपके उमटतात आणि थांबवल्यावर वांग काही महिन्यांत परतते.

२८/
आजचे सावरणे कसे असते? सौम्य क्यू-स्विच्ड उपचारानंतर लाली काही तासांत ते एक-दोन दिवसांत जाते. फ्रॅक्शनल उपचारानंतर दोन-चार दिवस लाली आणि सूज, मग चेहरा वाळू घासल्यासारखा खरखरीत, तांबूस होतो आणि साधारण आठवडाभरात सूक्ष्म साल निघते. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझरनंतर याहून अधिक दिवस. खपली नखाने काढायची नाही, साधे मऊ मलम, कोमट किंवा गार पाणी आणि कडक सनस्क्रीन. चटक्यानंतरचा काळेपणा येणार असेल, तर तो बहुधा पहिल्या काही आठवड्यांत दिसू लागतो. म्हणजे चेहरा बरा दिसू लागल्यावरही काळजीची मुदत संपलेली नसते.

२९/
सावरण्याची तयारी उपचाराच्या आधीच सुरू होते. काही आठवडे सनस्क्रीन आणि मलमांनी रंगपेशी शांत करायच्या, कानाजवळ किंवा अशाच आडजागी छोटा चाचणी-ठिपका घेऊन पाहायचा, मात्रा कमीत कमी ठेवायची, दोन सत्रांत पुरेसे अंतर सोडायचे. वांगाच्या बाबतीत लेझर हा पहिला उपाय नाही, हेही आता मान्य झाले आहे. आधी उन्हापासून संरक्षण, मग मलमे, आणि त्यांना दाद न मिळाल्यास निवडक रुग्णांत, तज्ज्ञाच्या हातून लेझर. १९९० च्या दशकातला क्रम पूर्ण उलटा झाला.

३०/
२०१० साली आणखी एक कोडे उलगडले. अमेरिकेतील अभ्यासात दिसले की सावळ्या त्वचेवर केवळ अतिनील किरणांनीच नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही टिकाऊ काळेपणा येतो. गोऱ्या त्वचेवर तो आला नाही. नेहमीचे पारदर्शक सनस्क्रीन दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइडची रंगीत छटा असलेले सनस्क्रीन लागते. किंवा जाड कापड. दुचाकीवर डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळणाऱ्या पुणेरी मुलींची वर्षानुवर्षे थट्टा झाली. दृश्य प्रकाशाच्या बाबतीत मात्र त्या स्कार्फची बाजू भक्कम निघाली.

३१/
आता तिसऱ्या घटकाची गोष्ट. क्लिगमन यांच्या सूत्रातील स्टेरॉइड काही आठवड्यांपुरते होते. भारतात अशी मिश्रणे औषधांच्या दुकानांत सहज मिळू लागली आणि ‘गोरे करणारे मलम’ म्हणून वर्षानुवर्षे चेहऱ्याला लावली गेली. परिणाम : पातळ झालेली त्वचा, उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या, मुरूम, आणि मलम बंद करताच भडकणारी आग. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. अशी नाजूक झालेली त्वचा लेझरखाली गेली, तर धोका आणखी वाढतो.

३२/
या साऱ्याचा अर्थ लेझर निरुपयोगी आहे, असा नाही. ओटाचा नीवस, उन्हाने आलेले ठिपके, काही जन्मजात डाग यांसाठी त्याने असे आराम दिले, जे पूर्वी अशक्य होते. चेहऱ्यावरील मोठ्या डागामुळे लग्न, नोकरी, चारचौघांत वावरणे टाळणाऱ्या माणसांसाठी हे लहान काम नाही. प्रश्न उभा राहतो तो वांगासाठी एकाच खेपेत कायमचा इलाज देऊ करणाऱ्या जाहिरातींपुढे. १९९४ पासूनचा पुरावा त्या आश्वासनाच्या विरुद्ध आहे.

३३/
लेझरचा इतिहास सहसा शक्तीच्या वाढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो : अधिक प्रखर, अधिक वेगवान, अधिक नेमका. सावळ्या चेहऱ्याच्या बाजूने पाहिले की तोच इतिहास मात्रा उतरवत नेण्याचा दिसतो. पूर्ण थरावरून सूक्ष्म स्तंभांवर, लांब स्पंदावरून नॅनोसेकंदावर, एका मोठ्या सत्रावरून अनेक लहान सत्रांवर. हा उतार ज्यांच्यामुळे घडला, त्यांत भाजून काळे पडलेले असंख्य अनाम चेहरे आहेत. वैद्यकाला मर्यादा त्यांनीच शिकवली.

३४/
शनिवारवाड्याच्या काळातील तो निनावी कारागीर आणि नदीपलीकडे शिकलेले पटेल, दोघांनीही चेहऱ्याच्या उपचारांचा इतिहास बदलला. एकाने हत्याराबरोबर वेळापत्रक दिले : चार दिवस हात लावू नये, पंचवीस दिवस पट्टी कापू नये. दुसऱ्याने हत्यार दिले आणि त्याचे वेळापत्रक शोधायला जगाला तीस-चाळीस वर्षे लागली. वांगावर लेझर घेऊ पाहणाऱ्याने यंत्राचे नाव विचारण्याआधी पुढच्या तीन महिन्यांचे वेळापत्रक विचारावे. ते ज्याच्यापाशी तयार असेल, त्याला हा इतिहास ठाऊक आहे असे समजायला हरकत नाही.